दोघांची सही

त्या पानावर खूण केली तेव्हा आम्हाला वाटलं होतं, चला, एक अपशकुन मोडीत काढला.

तुळिंजला भाजीबाजाराच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं आयव्हीएफचं क्लिनिक आहे. ‘आमचं’ म्हणते, कारण लग्नानंतरच्या बऱ्याचशा सुट्ट्या आम्ही तिथल्या खुर्च्यांवर काढल्या. खाली मेथीच्या जुड्यांवरून हुज्जत चाललेली असायची आणि वर आम्ही सगळ्या बायका एकमेकींकडे न बघता बसलेल्या. एम्ब्रियो, म्हणजे भ्रूण, तयार झाले, एक पोटात सोडायचा आणि उरलेले गोठवून ठेवायचे असं ठरलं, तेव्हा काउन्सेलरबाईंनी आमच्यासमोर संमतीपत्र ठेवलं. बरीच पानं होती. कुणाचं बीज, कुणाचं अंडं, किती दिवस ठेवायचं, मध्येच नको वाटलं तर काय. प्रत्येक पानावर दोघांची सही. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही ही माझी खोड आहे. नवरा माझ्या खांद्यावरून वाचत होता.

मग ते पान आलं. जोडीदारापैकी एकाचा मृत्यू झाला, किंवा तो निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिला नाही, तर गोठवलेल्या एम्ब्रियोंचं काय करायचं? खाली तीन चौकोन. मागे राहिलेल्या जोडीदाराला वापरू द्यावेत. संशोधनासाठी द्यावेत. नष्ट होऊ द्यावेत.

नवऱ्याचा चेहरा उतरला. तो नायगावच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातला. त्या घरात शुभ कामाला निघताना मरणाचा ‘म’ काढायचा नाही. चुकून कुणाच्या तोंडून गेलाच, तर माझ्या सासूबाई ताबडतोब म्हणणार, ‘जळो ते बोलनं!’ तसं म्हटलं की बोललेलं जळून गेलं, लागत नाही. आमच्या साताऱ्याकडे एवढं कडक नाही, पण इतकी वर्षं त्या घरात वावरून मलाही ती सवय लागली होती. पहिल्या चौकोनावर खूण करायची म्हणजे काय? तो नाही आणि मी पोटुशी, असं चित्र स्वतःच्या हाताने काढायचं. आणि तेही मूल यावं म्हणून आलो असताना.

‘यातला विषय संपवणारा कुठला?’ त्याने विचारलं.

‘शेवटचा,’ मी म्हटलं.

त्याने तिसऱ्या चौकोनात खूण केली, अगदी ‘जळो’ म्हणावं तशी. मी शेजारी सही ठोकली. काउन्सेलरबाई म्हणाल्या, ‘नीट विचार केलाय ना? हे पुढे बदलता येतं, पण दोघांनी यावं लागतं.’ आम्ही माना डोलावल्या. त्यांना वाटलं, आम्ही विचार केलाय. आम्ही तर दृष्ट काढली होती.

पहिला सोडलेला एम्ब्रियो टिकला नाही. दोन उरले. थोडं थांबू, अंगात ताकद येऊ दे, मग पुन्हा बघू, असं ठरलं आणि थांबण्यातच दिवस गेले.

नवऱ्याला डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं. तो वसईला प्लॅस्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मशीनच्या आवाजाने होत असेल, म्हणून आम्ही दुर्लक्ष केलं. मग चालताना तोल जायला लागला. एकदा कारखान्यात पडला, तेव्हा तपासण्या झाल्या. कानामागे, मेंदूला लागून गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, पण मोठी होती आणि वाईट जागी होती. मुंबईच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की ऑपरेशन केलंच पाहिजे, आणि ऑपरेशनमध्ये काय काय होऊ शकतं. जीव जाऊ शकतो. जीव राहील, पण माणूस पूर्वीसारखा राहणार नाही, असंही होऊ शकतं.

मृत्यू झाला, किंवा निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिला नाही. हे वाक्य मी आधी वाचलं होतं. डॉक्टर बोलत होते आणि मला तिसऱ्या चौकोनातली ती खूण दिसायला लागली. तो गेला तर ते दोन एम्ब्रियोही जाणार होते, माझं सगळंच जाणार होतं, आणि त्या खुणेशेजारी सही माझीही होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच तुळिंजला गेले. काउन्सेलरबाईंना म्हटलं, आम्हाला ते पान बदलायचंय. त्या म्हणाल्या, ‘बदला की. कायद्याने दहा वर्षं ठेवता येतात, आणि पोटात सोडेपर्यंत कधीही मत बदलता येतं. मिस्टरांना घेऊन या.’

‘त्यांचं ऑपरेशन आहे. मी सही केली तर?’

‘नाही चालणार.’

‘त्यांच्या आईने केली तर?’

‘ताई, त्यांच्या वतीने कुणीच करू शकत नाही. ते शुद्धीत हवेत आणि त्यांची स्वतःची मर्जी हवी. मी त्यांना एकट्याला बसवून विचारणार, कुणाचा दबाव नाही ना म्हणून.’

माझा राग नाकावर असतो. चिडून म्हटलं, असल्या वेळी कसली मर्जी विचारता? त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘असल्या वेळीच विचारावी लागते.’ मी तरातरा जिना उतरले आणि बाजारात, कांद्याच्या ढिगाशेजारी उभी राहून रडले. भाजीवाली दोनदा ‘किती देऊ?’ म्हणाली.

सासूबाई नायगावहून आमच्याकडे चंदनसारला राहायला आल्या होत्या. ‘सगळं चांगलं होनार’ याशिवाय घरात काही बोलायची सोय नव्हती. फोनवर नातेवाईक तेच, शेजारी तेच, मीही तेच. आणि मला तर नवऱ्याला विचारायचं होतं, तू मेलास तर? हा प्रश्न मी आंघोळ करताना, फळ्यावर गणित लिहिताना, त्याच्या गोळ्या काढून ठेवताना मनात वेगवेगळ्या शब्दांत मांडून पाहिला. कसाही मांडला तरी ऐकू तेच येत होतं.

शेवटी एका रविवारी दुपारी सासूबाई शेजारी भजनाला गेल्या, तेव्हा मी बोलले. तो गॅलरीत बसला होता. मी त्याच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाकडे बसले आणि एका दमात सांगून टाकलं.

समोरच्या टॉवरच्या बांधकामाकडे बघत तो म्हणाला, ‘मला आठवतंय ते पान. तेव्हा नुसतीच खूण केली होती. पण ऑपरेशनचं कळल्यापासून मी त्याचाच विचार करतोय.’

मला हायसं वाटलं. म्हटलं, उद्याच जाऊ.

‘नाही. खूण बरोबर आहे. तशीच राहू दे.’

मला आधी कळलंच नाही. मग त्याने जे सांगितलं ते मला अर्धंमुर्धं माहीत होतं, त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्याचे वडील कावीळ होऊन गेले तेव्हा तो सासूबाईंच्या पोटात होता. ‘बापाला खाऊन आलेला’ असं गावात त्याला तोंडावर म्हणत. लग्नाच्या मांडवात नवरदेव आला की बायका या पोराला मागे सारत. एकदा कुणाच्या तरी शेतात पेरणीच्या दिवशी तो पोरांबरोबर गेला, तर त्याला बांधावरूनच परत पाठवलं.

‘मूल मला हवंय,’ तो म्हणाला, ‘पण मी असताना. मी गेल्यावर माझं कुणी जन्माला यायला नको. माझ्यासारखं तर नकोच.’

‘आता कोण म्हणतं तसं? आपण काय गावात राहतो?’

‘तू गावात मोठी झाली नाहीस.’

‘आणि मी? मी एकटी उरले तर माझ्याकडे काय राहील?’ मी ओरडलेच. ‘तुझे फोटो?’

त्याने माझा हात धरायचा प्रयत्न केला, मी तो झटकला. इतका आजारी माणूस, आणि मी त्याचा हात झटकला. पण त्या क्षणी मला त्याची दया येत नव्हती, फक्त भीती वाटत होती. त्या भीतीपोटी माझ्या डोक्यात एक गोष्ट आली.

नवऱ्याने आईची शपथ आजवर मोडलेली नाही. त्याची सिगरेट सुटली ती आईने शपथ घातली म्हणून. सासूबाईंचा हा एकुलता एक मुलगा. नातवंडासाठी त्यांनी किती नवस बोलले होते. गोठवलेल्या एम्ब्रियोंना त्या ‘बियानं’ म्हणायच्या आणि अधूनमधून विचारायच्या, ‘बियानं ठीक हाय ना ग?’ त्यांनी एकदा शपथ घातली की तो मुकाट्याने तुळिंजला येईल आणि काउन्सेलरबाईंसमोर ‘माझी मर्जी’ म्हणून सही करील, याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. नवरा आत झोपला होता. मी हळू आवाजात सासूबाईंना सगळं सांगितलं. तो नाही म्हणतोय हेही सांगितलं. ‘जळो’ ऐकायची तयारी ठेवली होती. त्या वाल सोलत राहिल्या.

‘आई, तुम्ही शपथ घाला ना.’

‘मी नाय घालनार.’

‘अहो, तुमचा वंश आहे.’

सासूबाईंनी सोललेल्या वालांचं पातेलं बाजूला सरकवलं. ‘हेच बोलला होता माझा सासरा. नवरा गेला तवा मना पाचवा चालू होता. सासरा बोलला, पोर ठेवायचं, आमचा वंश हाय. माझा बाप बोलला, पोर नको, तिचं दुसरं लगीन लावतो. दोघं पडवीत बसून भांडली. मी आत होते, बाय. भिंतीच्या या बाजूला. कोनी आत येऊन मना इचारलं नाय.’

मी विचारलं, ‘तुम्हाला काय हवं होतं?’

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. तरी आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, ‘मना नको होतं.’

त्याच बाईने कालपासून त्याच्यासाठी उपास धरला होता.

‘आता माझा जीव हाय तो. पन तवा नको होतं, आनि मी ते कुनाला सांगितलं नाय, तुला सांगते. तुम्हाला कोनी तरी इचारतंय. त्याला इचारलंस, त्यानं सांगितलं. मग आता त्याला शपथेत कशाला बांधायचा?’

त्या उठून हात धुवायला गेल्या. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्या बरोबर बोलत होत्या याचा जास्त राग आला होता. पुन्हा तो विषय मी काढला नाही. पण रोज सकाळी जाग आली की मी तोच हिशोब करायला लागायचे. वेळ जात होता, तो शुद्धीत होता, चालत होता, रिक्षाने तुळिंजला जाता येत होतं, आणि आम्ही जात नव्हतो.

ऑपरेशनच्या सकाळी त्याच्या कानामागचे केस काढले होते. हिरवा झगा घालून तो स्ट्रेचरवर पडला होता. रुग्णालयाच्या कागदांवर त्याने स्वतः सह्या केल्या होत्या. सासूबाई पायाशी उभ्या होत्या. आत नेणारा माणूस लिफ्टची वाट बघत होता, तेवढ्यात नवऱ्याने माझं मनगट पकडलं.

‘कागद आण,’ तो म्हणाला. ‘लिहून देतो. तुला हवं ते लिहून देतो. पटकन.’

मी शिक्षिका, माझ्या पर्समध्ये वही आणि पेन कायम असतं. माझा हात पर्समध्ये गेला. पेन बोटांना लागलं. मग मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ कोरडे पडले होते आणि डोळे इकडून तिकडे फिरत होते. तो इतका घाबरला होता की मी घर मागितलं असतं तर घर लिहून दिलं असतं, घटस्फोट मागितला असता तर तोही. तो मला देत नव्हता, स्वतःला सोडवून घेत होता. असल्या सहीला काउन्सेलरबाईंनी हात लावला नसता, हे तर झालंच. पण त्यांनी लावला असता, तरी मला ती नको होती. हे मला त्या लिफ्टच्या दारात कळलं, आणि मला फार वाईट वाटलं.

‘आत्ता नाही,’ मी म्हटलं. ‘बाहेर आल्यावर विचारेन.’

‘आणि नाही आलो तर?’

‘तर तू म्हणाला होतास तेच.’

त्याने मनगट सोडलं नाही. लिफ्ट आली तेव्हा मीच त्याची बोटं एकेक करून सोडवली.

नंतरचा तो दिवस मला नीट आठवत नाही. बाकावर सासूबाई जपमाळ न घेताच बोटं हलवत होत्या. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की पेन हाताला लागलं होतं. दार उघडलं की मी उठून उभी राहायचे आणि दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारलं जायचं. संध्याकाळी सर्जन बाहेर आले. म्हणाले, गाठ निघाली, बोलतोय. सासूबाई जमिनीवरच बसल्या.

तो परत कामावर जायला लागला आहे. डावा कान गेला तो गेलाच, हसताना तोंड किंचित एका बाजूला जातं. दोन एम्ब्रियो तुळिंजला आहेत. तो जिवंत आहे, म्हणजे ते पान आता कुणाच्या आड येत नाही. पण एम्ब्रियो पोटात सोडायचा तर त्यालाही नवीन सही लागते, दोघांची, आपापल्या मर्जीने. आजारपणात त्याने जे काय पाहिलं, त्यानंतर त्याला अजून मूल हवंय का, मला माहीत नाही. आणि तो आता शांत आहे, कशाला घाबरत नाही. म्हणजे जे सांगेल ते खरंच सांगेल.

परवा सासूबाई नायगावला गेलेल्या होत्या, जेवायला आम्ही दोघंच होतो. घास तसाच हातात ठेवून तो म्हणाला, ‘बाहेर आल्यावर तू काहीतरी विचारणार होतीस ना?’

मी विचारलं, ‘भात वाढू?’

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि ताट पुढे केलं.