रविंद्रच्या गच्चीवर बिबडे

अमळनेरजवळच्या आमच्या गावातली आक्काबाई बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, विकून घर चालवते. ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर थापायचा, गच्चीवर वाळवायचा. तिची गच्ची म्हणजेच तिचं दुकान.

तीच गच्ची तिने सोलरला दिली. तालुक्याचा डीलर रविंद्र गोड बोलला, "आक्का, घरघंटी फुकट फिरेल, बिल शून्य!" सबसिडी सोडून उरलेलं तिने बिबड्यांच्या कमाईतून भरलं.

बिल येतच राहिलं. मी वर चढून पाहिलं आणि टाळकंच फिरलं. पाण्याच्या टाकीला खेटून प्लेटा! उंच स्टँडचं लोखंड वाचवलं हरामखोराने. दुपार कलली की टाकीची सावली एका प्लेटवर पडते, आणि तिच्यापायी बाकीच्याही मंदावतात. खान्देशात, जिथे कुत्रंसुद्धा सावली शोधत हिंडतं, तिथे प्लेटा सावलीत! सोलर नीट बसवलं तर गरिबाला परवडतं हो. पण बसवणारा असा भेटला तर काय परवडेल?

फोन केला, तर रविंद्र म्हणतो, "तुमच्या आक्काने प्लेटांवर बिबडे वाळवले. फोटो आहे माझ्याकडे. वॉरंटी गेली."

"खरं शे का?" मी आक्काबाईला विचारलं.

"हा भाऊ, एक दिन टाकात. प्लेट मस्त तपे. आनि त्यानी मन्हासाठे जागा कोठे ठेवी?"

एका दिवसाच्या बिबड्यांखाली वर्षभराची सावली लपवतो काय!

दुसऱ्या दिवशी आक्काबाई, तिची शेजारीण रत्ना आणि गल्लीतल्या बाया घाट्याची पातेली घेऊन थेट तालुक्याला, रविंद्रच्या दुकानाच्या गच्चीवर चढल्या. मी होतोच. त्याच्या प्लेटा पुरुषभर उंच, टाकीपासून लांब. स्वतःचं बरं कळतं! बायांनी फडकी अंथरली, थापायला बसल्या.

रविंद्र धापा टाकत वर आला. "अहो, हे काय? गिऱ्हाईकं हसताहेत!"

"हसू दे," रत्ना म्हणाली. "बिबडामा तिखट जास्त शे, रडतीन बी."

"आक्का, खाली चला, बोलू."

"आमनी गच्ची तुन्हा ताबामा, तुन्ही आमना ताबामा. हिसाब बराबर."

खाली गर्दी जमली होती. मी कठड्यावरून ओरडलो, "विचारा ह्याला, ह्याच्या प्लेटा उन्हात आणि आक्काच्या सावलीत का?"

रविंद्रचा चेहरा उतरला. त्याने तिथूनच फिटरला फोन लावला. "उंच स्टँड गाडीत टाक. आक्काच्या प्लेटा टाकीपासून लांब बसव. पैसे मागू नको." मग आक्काबाईकडे वळला. "झालं ना? उतरा आता."

आक्काबाईने एक बिबडा बोटाने दाबून पाहिला. ओलाच होता.

"तुन्ही गाडी आमना गावले पोहचू दे. तवपावत बिबडा आठेच, तुन्ही गच्चीवर वाळतीन."