नानांनी आणलेला अमेरिकन

केळीच्या बुडाशी पील, म्हणजे नवे कोंब, फुटतात तशा या गोष्टी. एक कापली की बाजूने दुसरी वर येते. मी वाल्टरभाऊची एक सांगायला बसलो की शेजारचा म्हणतो, ती चपलेची सांगा ना. चपलेची मला ठाऊक नाही. मी नसताना झाली असेल, नाही तर झालीच नसेल. आता निम्म्या जळगावला वाल्टरच्या गोष्टी पाठ आहेत आणि त्यातल्या निम्म्यांनी त्याला पाहिलेलंही नाही. म्हटलं, ज्या माझ्या डोळ्यांदेखत घडल्या तेवढ्या लिहून टाकाव्यात. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका काढायच्या तर आपापल्या घरी काढा, मला सांगायला येऊ नका.

मी क्लबच्या मॅटाडोरचा ड्रायव्हर. क्लब बास्केटबॉलचा, आणि क्लब म्हणजे नाना. नाना रावेरकडचे केळीचे व्यापारी. जळगावात घर, घरामागे स्वतः बांधून घेतलेलं सिमेंटचं ग्राउंड. तिकडे धुळ्याला अप्पा, कापसाचे व्यापारी. त्यांचाही क्लब होता, आणि कप दरवर्षी अप्पांच्याच शोकेसमध्ये. केळीचा भाव पडला तर नानांना झोप यायची. कप गेला की यायची नाही.

नव्वद सालाच्या आगेमागे नाना रेल्वे वॅगनच्या कामासाठी मुंबईला गेले आणि येताना अमेरिकन घेऊन आले. कुठल्याशा कंपनीने त्याला खेळायला बोलावलं होतं, आणि तो विमानातून उतरेपर्यंत टीमच मोडली होती. जळगाव स्टेशनवर मी न्यायला गेलो. डब्यातून आधी नाना उतरले, मग बॅग उतरली, मग तो बराच वेळ उतरतच राहिला.

"नाना, हा कोण?"

"हा कप आहे," नाना म्हणाले.

परदेशी खेळाडू चालणार नाही असं स्पर्धेच्या नियमात कुठे नव्हतं. नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात तसं यायचं कारणच नव्हतं.

अट मात्र नानांनी पहिल्याच दिवशी घातली. धुळ्याला हरवलं तर पुढचा सीझन जळगावला. हरलास तर मुंबईचं तिकीट. वाल्टर हसला, पण मला ते हसणं बरं वाटलं नाही. स्पेन, तुर्कस्तान, फिलिपाइन्स, सगळीकडे एकेक सीझन खेळून झाला होता. सगळीकडे डावा गुडघा सुजायचा आणि क्लबवाले हात जोडायचे. पुढे आमची ओळख झाल्यावर तो म्हणाला, जळगावच्या पुढे त्याच्या नकाशावर गावच नाही.

* * *

पहिली भानगड पलंगाची. आमच्या कुठल्याच खाटेत तो मावेना. नानांनी सुतार बोलावला. वाल्टर दुपारचा जमिनीवर झोपला होता, सुताराने शेजारी टेप पसरला. तेवढ्यात नानांच्या थोरल्या बहीण आक्का चहा घेऊन आल्या आणि त्यांनी सुताराला तिथेच फैलावर घेतलं. निजलेल्या जित्या माणसाला मापतात का? ते माप तिरडीचं. उभं करून घे.

वाल्टरला उठवून भिंतीशी उभं केलं. आता झालं असं, की प्रत्येक देशात क्लबवाल्यांनी त्याला असंच भिंतीशी उभं करून मापलं होतं. उंची वेगळी आणि हात वर करून पोच वेगळी. टेप दिसल्याबरोबर त्याने सवयीने हात सरळ वर केला. सुतार स्टुलावर चढला आणि बोटाच्या टोकापर्यंत माप घेऊन गेला.

पलंग आला तो दारातून आत जाईना. शेवटपर्यंत ओट्यावरच राहिला. एका टोकाला वाल्टर झोपायचा, दुसऱ्या टोकाला गल्लीतले म्हातारे पेपर वाचायचे.

* * *

जेवणाचं सांगतो. भरताचे दिवस. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, भरीत करायचं, पुऱ्या लाटायच्या, आणि पाहुण्याला उठू द्यायचं नाही. वाल्टरला घरी शिकवलेलं, की ताटात टाकायचं नाही. आमच्या बायकांना शिकवलेलं, की रिकामं ताट दिसलं की वाढायचं. दोघंही आपापल्या आईचं ऐकत होते. वाल्टरला घाम फुटला तरी कोणी थांबेना.

शेवटी मी त्याला सांगितलं, ताटावर हात आडवा धर. त्याने दोन्ही पंजे धरले. ताट दिसेनासं झालं. आक्का पळीभर भरीत घेऊन चारी बाजूंनी फिरल्या, फट सापडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या पळी भरलेली घेऊन परत गेल्या. दोन दिवस वाल्टरशी बोलल्या नाहीत.

* * *

मी मूळचा सोनगीरचा. त्यामुळे वाल्टर जे काही शिकला ते माझ्या तोंडची अहिराणी शिकला. नानांनी त्याच्यासाठी इंग्रजीचे एक मास्तर आणले होते, दुभाषा म्हणून. मास्तरांनी फार छान इंग्रजीत विचारलं, आपल्याला खान्देश कसा वाटला?

वाल्टर म्हणाला, "बठ्ठं बेस शे." सगळं झकास आहे.

मास्तर दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

* * *

यावलला एका लग्नाला नानांनी त्याला मिरवायला नेलं. वरात निघाली. नवरदेव घोड्यावर, वाल्टर शेजारून पायी, आणि दोघांची डोकी बरोबरीला. फोटोवाला फोटो काढायचा तो वाल्टरचाच यायचा. नवरदेवाचा मामा तापट माणूस. तो नानांच्या अंगावर आला.

"तुमच्या पाहुण्याला तरी खाली बसवा, नाही तर आमच्या पोराला उंट आणून द्या."

वाल्टर उरलेली वरात मॅटाडोरमध्ये बसून आला. खिडकीतून बँडवाल्यांशी हात मिळवत. फोटोवाला मॅटाडोरच्या मागे.

* * *

उन्हाळा लागला आणि खरी अडचण आली. धुळ्याची मॅच तोंडावर, आणि ग्राउंडवर बिबडे. ज्वारीचे हे पापड घालायला गल्लीत तेवढी एकच स्वच्छ सिमेंटची जागा. दरवर्षी आक्कांचं राज्य असायचं, टीमला सुट्टी. नाना बाजारात कोणालाही दमात घेत, पण बहिणीपुढे गेले आणि पाणी पिऊन परत आले.

मग वाल्टर गेला. त्याने आक्कांकडे मागितलं एवढंच, की बिबडे सलग न घालता रांगा सोडून घाला, मध्ये पाऊलभर वाट ठेवा. त्या वाटांमधून त्याने टीमला चेंडू आपटत पळवलं. परदेशात म्हणे प्लॅस्टिकचे शंकू ठेवून असंच शिकवतात. शंकूला धक्का लागला तर शंकू पडतो. इथे धक्का लागला तर आक्का लाटणं घेऊन उठायच्या. आठवड्यात आमच्या पोरांचा चेंडू असा काही हातात बसला की बघत राहावं. वाल्टर मला म्हणाला, स्पेनला इतका कडक कोच त्याने बघितला नव्हता.

* * *

आता धुळ्याची मॅच, धुळ्याच्याच मैदानावर.

शेवटचं मिनिट, तेही संपत आलेलं. आम्ही एका गुणाने मागे. वाल्टर रिंगखाली उसळला, धुळ्याच्या दोघांनी त्याला पाडलं, तो डाव्या गुडघ्यावर आपटला. पंचाने दोन फ्री शॉट दिले. दोन्ही रिंगमधून गेले तर कप आमचा आणि वाल्टर आमचा.

आणि तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. तालुक्यातले पुढारी, यायचे होते मॅचच्या आधी. आमच्याकडे पाहुणे आले की खेळ थांबतो. खेळ थांबला. सत्कार सुरू झाले. वाल्टर परदेशी म्हणून पहिला मान त्याला. स्टेजवर नेऊन फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. पुढारी माइकवर उभे राहिले ते हलेनात. मी वाल्टरच्या शेजारी, दुभाषा म्हणून. त्याचा गुडघा माझ्या डोळ्यांसमोर फुगत होता.

त्याच्या एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला अप्पा. अप्पांचा हात हळूच वाल्टरच्या शालीखाली गेला. मग नानांचा. जुने व्यापारी आणि बैलबाजारातले दलाल सौदा तोंडाने करत नाहीत. कापडाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. चारचौघांत कळत नाही. अप्पा पुढच्या सीझनसाठी वाल्टरला मागत होते, आणि नाना, ज्यांनी मुंबईचं तिकीट काढून देतो म्हणून धमकावलं होतं, ते सोडत नव्हते. दोघंही समोर पुढाऱ्यांकडे बघून माना डोलवत होते. शाल हलत होती.

वाल्टरने वाकून मला विचारलं, "भाऊ, हाई काय चालू शे?"

"तुना भाव," मी म्हणालो.

त्याने जरा विचार केला. नारळ माझ्या हातात दिला आणि स्वतःचा पंजा शालीखाली घातला.

शाल हलायची थांबली. अप्पांनी हात बाहेर काढला, बोटांकडे पाहिलं आणि खुर्चीत टेकले. नानांचा चेहरा बागेवर गारा पडल्यासारखा झाला. ते वाल्टरकडे वर बघत राहिले. पुढाऱ्यांनी एक नवा मुद्दा घेतला, तो संपवला, मग कुठे नानांनी मान हलवली.

भाषण संपलं. तोवर गुडघा लाकूड झाला होता. पहिला शॉट रिंगवर आपटून बाहेर. दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही. शिट्टी झाली, धुळ्यावाल्यांनी गुलाल उधळला, कप परत अप्पांच्या शोकेसमध्ये.

मी मॅटाडोर सुरू करून नानांना विचारलं, मुंबईच्या गाडीला सोडायचं का याला?

"जळगावला घे," नाना म्हणाले. बाहेर बघत होते आणि मधूनच एकटे हसत होते.

शालीखाली काय ठरलं ते विचारलं, तर सौद्यातलं बाहेर बोलत नाहीत म्हणाले. मागे वाल्टर दोन सीटांवर पाय पसरून पडला होता, फेटा तसाच.

"मी आठेज ऱ्हासू," तो म्हणाला. इथेच राहणार म्हणे.

सकाळी गाडी धुवायला गेलो तर ग्राउंडवर चेंडूचा आवाज. पलीकडे वाल्टर खुर्चीत, गुडघ्याला हळदीचा लेप. आणि रिंगखाली नाना, धोतर वर खोचून, टोपी काढून ठेवलेली, दोन्ही हातांनी चेंडू वर फेकत होते. चेंडू रिंगच्या खालूनच परत यायचा. शालीखाली वाल्टरने मागितलेला भाव हा तर, बोटांनी कसा सांगितला ते देव जाणे. नाना धापा टाकत वाल्टरकडे बघायचे.

"आजून," वाल्टर म्हणायचा.