नागीण आणि नात

माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो. हसायचंच असेल तर शेवटी हसा.

लेक मेघा बाळंतपणाला नाशिकला आमच्याकडे यायची होती, आणि नेमकी तेव्हाच माझ्या कमरेला नागीण उठली. डॉक्टर म्हणाले, मेघाला लहानपणी कांजण्या झाल्या नसतील तर तिच्यापासून लांब राहा. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यातून तिला कांजण्या होऊ शकतात, आणि पोटात बाळ आहे. पुढेही ते काहीतरी बोलले, पण माझं लक्षच उडालं. मेघाला कांजण्या झाल्याच नव्हत्या.

मी बॅग भरली आणि घोटीला धाकट्या भावाकडे, एकनाथकडे गेलो. पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून बायकोला शपथ घातली. मेघाला सांगितलं, भातलावणीला माणसं मिळत नाहीत.

फोड सुकले, खपल्या धरल्या, गळूनही पडल्या. आग मात्र जाईना. सदरा नुसता घासला तरी चटका बसायचा. मी म्हटलं, आग आहे म्हणजे नागीण अजून आहे. मेघाला मुलगी झाली, ती मी फोनवरच पाहिली. बारशालाही गेलो नाही. शेतात भात गुडघ्याला आला, तरी माझी लावणी आपली चालूच!

एका दुपारी जावयाची गाडी दारात आली. मेघा बाळाला घेऊन उतरली आणि मी मागच्या दाराने शेताकडे निघालो. ती बांधापर्यंत मागे आली. रडत नव्हती, तेच जास्त लागलं.

"पप्पा, मुलगी झाली म्हणून तोंड लपवताय ना?"

मी तिथेच सदरा वर केला आणि नागिणीचं सगळं सांगून टाकलं. तिने डाग पाहिले आणि सरळ डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या की संसर्ग संपतो. आग पुढे कितीतरी महिने राहू शकते, पण ती दुसऱ्याला लागत नाही. हे तुमच्या वडिलांना मी तेव्हाच सांगितलं होतं.

मेघाने बाळ माझ्या हातात दिलं. मी नातीकडे बघेपर्यंत मेघाला दुसरंच सुचलं.

"फोड ओले होते तेव्हा मलम कोण लावायचं?"

"एकनाथ."

"मग काकांना कांजण्या झाल्या होत्या का, ते विचारलंत?"

ते डोक्यातच आलं नव्हतं. मागून एकनाथ शांतपणे म्हणाला,

"झाल्या व्हत्या. दादानंच दिल्या लहानपणी. तव्हा काय लांब जायचं सुचलं नाय त्याला."