तीन नंबरच्या खाटेवरची शिकवणी

वॉर्डात तिला तोंडावर सिस्टर म्हणत आणि पाठ फिरली की 'डिक्शनरी'. नावं ठेवणाऱ्यांचं तरी काय चुकलं? बाई इंजेक्शन भरता भरता ओठ हलवायची. पेशंटला वाटायचं, आपल्यासाठी देवाचं नाव घेतेय. ती घोकत असायची इंग्रजी शब्द.

परदेशातल्या एका इस्पितळाने तिला नोकरी कबूल केली होती, पण इंग्रजीच्या परीक्षेत पुरेसे गुण मिळाले तरच. दोनदा ती अर्ध्या गुणाने आपटली होती. आता आपटली की जागा दुसरीला. आणि ती दुसरी शेजारच्याच वॉर्डात दात विचकत बसली होती.

अशात तीन नंबरच्या खाटेवर मास्तर आले. मांडीचं हाड मोडलेलं, पडून पडून पाठीला जखम झालेली, जीभ मात्र शाबूत. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस.

"पाठ करून काय होतंय? वापर. मेट्रनबाई कशा?"

"ऑस्टेंटेशस."

"म्हणजे?"

"दिखाऊ. कानातले बघा ना."

"सर्जन?"

"पॉम्पस. सदा फुगलेले."

"आणि मी?"

"गॅर्युलस."

बडबड्या म्हटल्यावर मास्तर इतके हसले, की सलाइनची नळी हलली.

ड्यूटी संपली तरी ती तासभर त्यांच्या खाटेशी बसायची. पंधरवड्यात तिची जीभ अशी सुटली, की शेजारच्या वॉर्डातलीचं हसू आटलं.

मग एका सोमवारी डॉक्टर मास्तरांच्या मुलीला म्हणाले, "ड्रेसिंग जमणार असेल तर घरी न्या." मुलगी थेट सिस्टरकडे आली.

"सिस्टर, मला जमेल का हो? बाबांनी घरी जायचा धोशा लावलाय."

परीक्षा दहा दिवसांवर होती. जखम भरत आली होती. ड्रेसिंग तर पोरीला अर्ध्या तासात शिकवता आलं असतं.

"आठ-दहा दिवस राहू द्या," सिस्टर म्हणाली. "अजून ओली आहे. घरी चिघळली म्हणजे?"

मुलगी घाबरून हो म्हणाली. पडद्याआड मास्तर जागे होते.

"जखम कशी आहे गं माझी?" दुपारी त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"बरी काय? नेमका शब्द सांग."

ती उशी सारखी करत राहिली.

"परीक्षेला किती दिवस?"

"दहा."

"काढ वही."

त्या दिवसापासून त्यांनी घरचं नाव काढलं नाही. थट्टाही केली नाही. नुसते शब्द विचारायचे.

सहाव्या दिवशी शेजारच्या खाटेवरचा खोकला त्यांना लागला. छाती कफाने भरली. आठव्या दिवशी मास्तर गेले. मुलगी सिस्टरच्याच गळ्यात पडली.

"तुम्ही ठेवून घेतलंत म्हणून बरं. घरी काही झालं असतं, तर मी स्वतःला माफ केलं नसतं."

सिस्टर तिची पाठ थोपटत राहिली.

परीक्षेत समोरच्या बाईंनी कार्ड सरकवलं: तुम्हाला शिकवणाऱ्या एका माणसाबद्दल दोन मिनिटं बोला. ती कुठेही न अडखळता बोलली. जडजड शब्द आपापल्या जागी बसत गेले. बाईंनी शेवटी सहज विचारलं, सध्या कुठे असतात ते?

"घरी," ती म्हणाली. "मागच्या सोमवारीच मुलगी घेऊन गेली."

गुण हवे होते त्याहून अर्धा जास्तच आला.