नरहरपंतांची बिनचूक हरकत

पहिल्या भेटीत नरहरपंतांनी उज्ज्वला राठोडच्या नोकरीच्या अर्जात इतक्या त्रुटी काढल्या, की आपला जन्मही अपुऱ्या कागदपत्रांवर झाला असावा, असं तिला वाटलं. पुढे ती नगरपरिषदेच्या कचेरीत त्यांच्याच हाताखाली तयार झाली.

पंत निवृत्त झाले. कापसाचा भाव पडला, दिग्रसचं सरकी काढायचं एक जिनिंग बंद झालं आणि त्याच्या ज्या मैदानावर शेतकरी कापसाच्या गाड्या सोडत, तिथे दोनशे घरांची योजना आली. पंत हरकतीचा अर्ज घेऊन उज्ज्वलाच्या टेबलाशी धावले.

"साहेब, तिसऱ्या पानावर सही नाही."

"अगं, तुले मीच शिकवलं!"

"म्हणून तर सापडली."

एक चूक झाली तरी अर्ज पहिल्या पानापासून लिहायचा, हा पंतांचाच नियम. "गाड्या काय रस्त्यात सोडाव्या लोकांनी?" म्हणत त्यांनी तो सहा वेळा पाळला.

सातवी हरकत बिनचूक होती. हरकती घेण्याची मुदत आदल्या दिवशी संपली होती.