डाव्या हाताची घडी

भिमाजीच्या दुकानातली पुडी आंधळ्यानंही हाताला लागताच ओळखली असती. चौकोनी पुडी त्याला कधी जमली नाही. त्याचा उजवा हात कोपरापासून वाळलेला होता. मखमलाबादच्या वाटेवर मेहुण्याचा मळा. तिथं मोट हाकताना नाडा मनगटाला गुंडाळला गेला आणि बैल धावेच्या उतारावरून खाली सुटले, तेव्हाचं ते. कागद उजव्या कोपराखाली दाबायचा, डाव्या हातानं दुमडायचा, दोरा दातांत धरून गाठ मारायची. घडी तिरकी, एका कोपऱ्याकडे घसरलेली. बाया हसायच्या, "भिमाभाऊ, पुडी हाय का पाखराचं घरटं?" तोही हसायचा. मळ्यातलं एकही काम त्या हातानं होत नव्हतं, दुकान मात्र होत होतं.

भद्रकालीजवळच्या बोळात ते दुकान सहा वर्षं चाललं. बायको ठमाबाई मागं डाळी पाखडायची, हा पुढं तोलायचा. मग तेहतीस सालच्या दिवाळीत पलीकडच्या हमरस्त्यावर विजेच्या दिव्यांचं मोठं किराण्याचं दुकान निघालं, आणि बोळात शिरणारी पावलं कमी झाली.

ठमाबाईचा भाऊ लहानू संक्रांतीला आला तो उभ्यानंच बोलला, "दाजी, आवरा हे. मळ्यावर चला. दोघं बसून खा."

"बसून काय करू रे?"

"पाखरं राखा. कणसं लय खात्यात."

लहानूच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पाखरं राखायला बसतात ती पोरं नाहीतर म्हातारे. भिमाजी चाळिशीचा होता. त्या दिवशी तो जेवला नाही.

त्याच आठवड्यात चंदर आला. गावातल्या एका साप्ताहिकासाठी तो जाहिराती गोळा करायचा. "लोकांना ठावंच नाय तुझं दुकान हाय म्हणून," तो म्हणाला. मोबदला म्हणून दर महिन्याला डाळ-तेल द्यायचं ठरलं. भिमाजीनं लहानूकडून आखाजीपर्यंतची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची, मुदत मागून घेतली. लोक वाढले तर लहानूनं पुन्हा बोलायचं नाही, न वाढले तर बैलगाडी घेऊन यायचं.

"पण वाचून कोण आलं ते कळंल कसं?" ठमाबाईनं विचारलं.

भिमाजीनं त्याचाही विचार केला होता. जाहिरातीत तराजूचं चित्र, खाली दुकानाचं नाव, आणि त्याखाली ओळ: ही जाहिरात कापून आणणारास गुळाचा खडा फुकट. येईल ते कात्रण खिळ्याला टांगलेल्या तारेत खोचायचं. तार भरली की समजायचं.

पहिल्या आठवड्यात एकही आलं नाही. रद्दीवाला अब्बास छापखान्यातले उरलेले अंक शेरावर विकायचा. भिमाजीनं ते सगळे घेतले. पुड्या आपल्याच जाहिरातीत बांधल्या म्हणजे नाव चार घरांत जाईल, असा त्याचा हिशेब. मग कात्रणं यायला लागली. पाच, नऊ, एका बाजारच्या दिवशी सतरा. तार वाकायला लागली. भिमाजी गुळाची ढेप फोडताना गुणगुणायचा.

ठमाबाई मात्र गोण्यांकडं बघायची. "साखरेची गोण पूर्वी बारा दिवस पुरायची," ती म्हणाली. "आताबी बाराच पुरती. संपतो तो नुसता गूळ."

"लोक आधी थोडं थोडं घेत्यात. भरवसा बसू दे."

होळीनंतर एका दुपारी फुलं विकणाऱ्या गोजराबाईनं कात्रण पुढं केलं. भिमाजीनं ते तारेत खोचलं आणि हात तिथंच थांबला. कात्रणावर तिरकी घडी होती, कोपऱ्याकडे घसरलेली. कडेला हळदीचा डाग.

"गोजराबाई, हे कुठं घावलं?"

"घावायचं काय त्यात? तुझ्याच हळदीची पुडी. मला कुठं वाचता येतंय? तराजूचं चित्र दिसलं की नात कापून ठेवती. दे गूळ."

त्यानं गूळ दिला. मग तार खाली काढून एकेक कात्रण मांडीवर सरळ केलं. तिरकी घडी. तिरकी घडी. ठमाबाई दारात उभी राहून बघत होती. मग आत जाऊन तिनं सूप हातात घेतलं.

तरी माणसाचं मन. दुसऱ्या दिवशी त्यानं अब्बासकडून शाळेच्या जुन्या वह्या आणल्या. आखाजीपर्यंत पुड्या त्यातच बांधल्या, म्हणजे येईल ते कात्रण खरोखर अंक वाचणाऱ्याचंच. जाहिरात छापून येतच होती. तेवढ्या दिवसांत एकच बिनघडीचं, सपाट कात्रण आलं. पंचवटीतल्या एका पेन्शनर मास्तरांनी आणलं, पावशेर वेलदोडे आहेत का विचारलं. भिमाजीकडं तेवढे नव्हते.

आखाजीला लहानू आला. खिळ्यावरची कात्रणांनी जाड झालेली ती तार बघून तो खालीच बसला. "मानलं दाजी! एवढी माणसं? मग मी तरी मातीत कशाला मरू? मळा खंडानं कसायला देतो न् दुकानात भागीत येतो. दर आठवड्याला जाहिरात देऊ, मोठी."

ठमाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. भागीच्या पैशावर दुकान राहिलं असतं. वर्षभर तर नक्कीच.

भिमाजी उठला. तारेतून ते एक सपाट कात्रण काढून त्यानं लहानूच्या हातात दिलं. "हा आला जाहिरात वाचून."

"न् बाकीचे?"

"ती कात्रणं माझ्याच पुड्यांची. घडी बघ." 

लहानूला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं कात्रण जपून खिशात ठेवलं, कुठं ठेवावं ते न सुचल्यासारखं. "गाडी आणलीच हाय, बैलं बाहेर सोडल्यात," तो हळूच म्हणाला. "उन्हं उतरली की निघू."

कणसं भरली तेव्हा भिमाजी मळ्यात पाखरं राखायच्या उंच माळ्यावर बसला होता, डाव्या हातानं पत्र्याचा डबा बडवत. ठमाबाई दुपारी भाकरी घेऊन जायची. भाकरी बांधलेलं फडकं तो खाऊन झाल्यावर दातांनी धरून दुमडायचा आणि परत द्यायचा. घडी तिरकीच.