बिनतेलाचं चाक

एकोणीसशे सत्तावन्न साल. मी वीस वर्षांचा होतो, आणि अख्ख्या लालबागेत जिला तेलाची गरज नाही अशी एकही वस्तू आमच्या वहिनीच्या मामांना तोपर्यंत सापडली नव्हती. मामा आमच्याच चाळीत राहायचे आणि गिरणीत साच्यांना, म्हणजे मागांना, तेल घालायचे. पाळी सुटली तरी लांब चोचीची तेलाची बुधली काही हातातून सुटायची नाही. चाळीतल्या सगळ्या बिजागऱ्या त्यांनी गप्प केल्या, तेव्हा सुना कधी बाहेर जातात ते कळेना म्हणून सासवा भांडायला आल्या. शेजारच्या पाळण्याची कुरकुर बंद केली, तर तीन दिवस पोर झोपेना. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यातसुद्धा हा माणूस कोमट तूपपाण्याचा तांब्या घेऊन चालायचा. कुणाचा गळा बसला की म्हणायचा, "घे, एक घोट घे. सुको गळो सरकाराक ऐकाक येणा नाय."

मी चौथीत शाळा सोडलेला, गिरणीत बदली कामगार. त्याआधी एका क्लबात फरशी पुसायला होतो, तिथं टाकून दिलेल्या जोडीवर चाकांच्या बुटांची हॉकी शिकलो. साहेबांच्या देशात ती बर्फावर खेळतात. आपल्याकडे बर्फ गोळ्यापुरता, म्हणून सिमेंटवर. फोर्टातल्या एका कंपनीचा असा संघ होता. निवड झाली की कायमची नोकरी, फक्त बूट आपले आपण आणायचे. बदलीवाल्याला आणखी काय पाहिजे?

धोबीतलावच्या दुकानात दोन जोड्या होत्या. एक विलायती, आरशासारखी चकचकीत, महाग. दुसरी साधी, इथलीच. मी विलायतीच घेणार म्हणून हटून बसलो होतो. मामांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"ह्येका तेल घालूक भोक खंय आसा?"

दुकानदार म्हणाला, "काका, तेल आतच भरलेलं असतं. सीलबंद."

"कोणी भरलां? तू बघितलंस?"

दुकानदारानं जोडी परत कपाटात ठेवली. मी मात्र फुटपाथवर मामांशी तासभर भांडलो. शेवटी मामा म्हणाले, "झिला, भर खेळात चाक अडलां तर कोणाक हाक मारशील? विलायतेक?" मी परत आत गेलो. साधी जोडी घेतली.

निवडीच्या दिवशी मामा बरोबर आले आणि साच्याला घालावं तसं सढळ हातानं चाकांना तेल पाजलं. मी पहिल्याच फेरीत असा सुटलो की काय सांगू! पण माझ्यामागे सिमेंटवर तेलाची रेघ उमटत गेली आणि तिच्यावरून एकामागून एक तिघे आडवे झाले. चौथा मी. निवड करणाऱ्या साहेबानं शिट्टी फुंकली आणि मला बाहेर काढलं. सगळ्यांसमोर मी मामांवर ओरडलो, "तुमच्या तेलात माझी भाकरी बुडवलीत!"

मामा पुढे आले. अंगातला सदरा काढला, गुडघ्यांवर बसले आणि सगळी फरशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसून काढली. मग उघड्या अंगानं साहेबासमोर उभे राहिले. "साब, गलती मेरे तेल की हय. पोरगा बराबर हाय. कल एक बार देखो."

साहेबानं पुसलेल्या फरशीवर बूट घासून पाहिला. म्हणाला, "कल सवेरे. लेकिन सूखा आना."

आम्ही चाळीत परतलो. संध्याकाळी वहिनी मला म्हणाली, "भावजी, मामांनी बुधली ट्रंकेत ठेवून कुलूप घातलंय. काय बोललात तुम्ही त्यांना?"

त्या कंपनीत मी रिटायर होईपर्यंत होतो. माझी मुलं त्याच पगारावर शिकली. मामा जाऊन खूप वर्षं झाली. माफी मागणं मला जमत नाही, तेव्हाही जमत नव्हतं, आणि आभार तर मी त्यांचे तोंडानं कधी मानलेच नाहीत. मानले असतील तर ते फक्त त्या दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर उलटी टांगून निथळलेली, कोरडी करकरीत जोडी घेऊन मी त्यांच्या दारात गेलो, ती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणालो, "मामा, किती थेंब ते तुम्ही सांगा. घालतो मी."

त्यांनी एक चाक बोटानं फिरवून पाहिलं. मग कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "एक."

मी ट्रंकेतून बुधली काढली, उंबऱ्यावर बसून आठही चाकांना एकेक थेंब घातला, त्यांच्या पाया पडलो आणि फोर्टाची वाट धरली.